गणवेश अंगावर, पण विश्वास कोणाचा?
(अमेरिकेतील काळ्या पोलिसांपासून घ्यावयाचा बोध)



सर्व मनुष्यमात्र समान आहेत, ही प्रतिज्ञा आपण धम्मदीक्षेच्या वेळी घेतली. एखाद्या देशात ही समता कितपत खरी आहे हे पाहावयाचे असेल, तर तेथील पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहून पाहावे. गरीब माणूस तेथे न्याय मागावयास जातो की मार चुकवावयास तेथून दूर पळतो, यावरून पुष्कळ कळते.

या दृष्टीने आज आपण अमेरिकेतील काळ्या पोलिसांचा विचार करू. हा विषय आपल्याला परका नाही. परमपूज्य बाबासाहेब अमेरिकेत शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्या समाजाचे विद्वान नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि अस्पृश्यांची व तेथील काळ्यांची स्थिती किती सारखी आहे हे दाखविले.

पहिला धडा अटलांटा शहराचा. तेथील सर्व पोलीस गोरे होते. काळ्या वस्तीला त्यांचा आधार नव्हता, धाक मात्र होता. काळ्या पुढाऱ्यांनी आपले पोलीस मागितले, पण नुसत्या अर्ज-विनंत्यांनी काही झाले नाही. १९४६ साली त्यांनी मतदार नोंदणीची मोठी मोहीम काढली आणि हजारो काळ्यांची नावे यादीत घातली. मते दिसू लागताच नगरपालिकेचे कान उघडले. १९४८ साली आठ काळे शिपाई नेमले गेले. मत, मागणी आणि संघटना यांचे हे फळ होय.

पण ते फळ अर्धेच होते. या आठ जणांना मुख्य पोलीस कचेरीत जागा मिळाली नाही. वाय. एम. सी. ए. च्या एका इमारतीच्या तळघरात त्यांचे ठाणे थाटले गेले. गणवेश घालून घरून कामावर येण्यास बंदी होती. गस्त काळ्या वस्तीतच घालावयाची, आणि गुन्हेगार गोरा असेल तर त्याला अटक करावयाची नाही, गोऱ्या शिपायाला बोलवावयाचे! गोऱ्यांना अटक करण्याचा अधिकार मिळण्यास १९६२ साल उजाडले. तळघरात बसविलेला कायदा हा कायदा नव्हे, ती गणवेश घातलेली अस्पृश्यताच होय.

दुसरा धडा त्या शिपायांच्या मनाचा. निकोलस अॅलेक्स या अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या काळ्या पोलिसांच्या मुलाखती घेऊन १९६९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून दिसते की पुष्कळजण पक्की नोकरी आणि पगार यांसाठी पोलिसांत आले होते. परंतु गोरे सहकारी त्यांना आपले मानीत नव्हते, आणि स्वतःच्या वस्तीतील लोक त्यांना गोऱ्यांचे हस्तक समजत. दोन्हीकडून परके! आपल्या माणसाला पकडले की वस्ती रागावते, सोडले तर साहेब संशय घेतो. ज्याच्या घरात पहिलाच मुलगा सरकारी नोकरीस लागला आहे, त्याला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

यातून वाट काय? शिकागोच्या काळ्या पोलिसांनी १९६८ साली आपली संघटना स्थापन केली. रेनो रॉबिन्सन हे तिचे एक प्रमुख. कायदा आम्ही पाळू, पण कायद्याच्या नावाखाली आपल्या लोकांवर होणारा जुलूम मुकाट्याने पाहणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध लोकांच्या तक्रारी त्यांनी ऐकून घेतल्या. रॉबिन्सन यांना यासाठी निलंबन आणि छळ सोसावा लागला. तरीही ते न्यायालयात गेले, आणि भरती व बढतीत पोलीस खाते भेदभाव करते, असा निकाल १९७६ साली मिळविला. वस्तीचा विश्वास फुकट मिळत नाही, तो असा मिळवावा लागतो.

तिसरा धडा कडू आहे. २०२३ च्या जानेवारीत मेम्फिस शहरात टायर निकोल्स या काळ्या तरुणाला पोलिसांनी रस्त्यात बेदम मारले. तीन दिवसांनी तो मेला. या मारहाणीबद्दल ज्या पाच पोलिसांवर खटला झाला ते पाचही काळे होते. तेव्हा आपला माणूस गणवेशात गेला की आपोआप न्याय होतो, ही समजूत सोडून दिली पाहिजे. ठाण्याची रीत जुलमी राहिली आणि अंगी शील नसले, तर आपलाच हात आपल्यावर उठतो.

आता तथागतांच्या संघाकडे पाहा. शाक्य कुमारांच्या आधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या मिळाली, आणि त्या कुमारांनी त्याला वंदन केले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न याच उपालीला विचारण्यात आले. संघाने त्याला तळघरात बसविले नाही. त्याचा अधिकार पुरा होता, विनय सर्वांना एकच होता, आणि तो स्वतः त्या विनयाने बांधलेला होता. पुरा अधिकार, एकच नियम आणि शील, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की विश्वास उत्पन्न होतो. अमेरिकेत यांपैकी एक ना एक गोष्ट सतत उणी पडत गेली.

म्हणून आपला मुलगा किंवा मुलगी पोलीस भरतीस निघाली तर आनंदाने पाठवा. मात्र जाण्यापूर्वी पंचशीलाचा अर्थ पुन्हा एकदा समजावून सांगा. दुबळ्यावर हात उचलू नकोस, खोटी साक्ष लिहू नकोस, वस्तीला विसरू नकोस, आणि वस्तीसाठी खोटेही करू नकोस, एवढे सांगा. आणि तो सत्याने वागून अडचणीत आला, तर त्याला एकटा सोडू नका.

विहारात चर्चेसाठी प्रश्न :
१) अटलांटाच्या आठ शिपायांना काय मिळाले आणि काय मिळाले नाही?
२) मेम्फिसच्या घटनेत कोणकोणत्या शीलाचा भंग झाला?
३) उपालीच्या कथेतून अधिकार आणि शील यांचा कोणता संबंध दिसतो?

जयभीम!