भुसा ओढणाऱ्या पाइपातली वीज

कळवण, अभोणा, सुरगाणा या बाजूला सुतारकाम शिकून स्वतःचे वर्कशॉप काढणाऱ्या आपल्या तरुणांसाठी हा पाठ आहे. रंधा मशीन आणि गोल करवतीला भुसा ओढणारा पंखा जोडणे चांगलेच. लाकडाची बारीक धूळ माणसाला कर्करोग देऊ शकते, हे आता सिद्ध झाले आहे. पण पंख्याचा पाइप बहुधा शेतातला, पीव्हीसीचाच असतो. तो स्वस्त आणि हलका असतो, शिवाय गावातच मिळतो. त्याचा एक गुण मात्र ठाऊक हवा.

थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज होतो आणि अंधारात ठिणगीही दिसते. दोन वस्तू घासून सुटल्या की त्यांच्यावर विजेचा भार साठतो. कोरडा भुसा पाइपातून वेगाने घासत जातो तेव्हा हेच घडते. पीव्हीसी वीज वाहू देत नाही, म्हणून भार जागीच राहतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे तो निघून जातो. हिवाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात पाइपाला हात लागला की चटका बसतो. हा चटका जीवघेणा नसतो, पण करवतीपाशी हात दचकला तर बोटे जातात. माझ्या मते लहान वर्कशॉपात हाच पहिला धोका आहे.

दुसरा धोका स्फोटाचा. लाकडाचा ओंडका सावकाश जळतो. त्याचीच पिठासारखी धूळ हवेत दाट पसरली तर क्षणात भडकते. इटलीत तुरीन शहरी 1785 साली पिठाच्या कोठारात दिव्यामुळे असा भडका उडाल्याची नोंद आहे. कॅनडात 2012 साली जानेवारीत बर्न्स लेक येथे आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज येथे दोन लाकूड गिरण्या कोरड्या भुशाच्या स्फोटात उद्ध्वस्त झाल्या, प्रत्येक ठिकाणी 2 कामगार गेले. बर्न्स लेकच्या गिरणीत तिथल्या आदिवासींची भागीदारी होती. या दोन्ही ठिकाणी कारण स्थिर वीज नव्हते. यंत्राचा भाग घासून तापला होता. म्हणून सगळा दोष पाइपावर घालू नये. पाइपावरून निघणारी बारीक ठिणगी लाकडाच्या धुळीला पेटवायला बहुधा अपुरी पडते. खरी भीती असते ती भुशात पडलेल्या तापलेल्या खिळ्याची, ग्राइंडरच्या ठिणग्यांची आणि विडीची. लोखंड घासायच्या ग्राइंडरला भुशाचा पंखा कधीही जोडू नका.

तरीही विजेचा बंदोबस्त करायचाच. पीव्हीसीच्या मध्ये बसवलेली लोखंडी पट्टी, झडप किंवा पिंप सुटे राहिले तर त्यात साठलेला भार एकदम उडतो. ती ठिणगी पाइपाच्या ठिणगीपेक्षा मोठी असते. म्हणून असा प्रत्येक धातूचा तुकडा तांब्याच्या तारेने यंत्राच्या सांगाड्याला आणि तिथून अर्थिंगला जोडा. लवचिक पाइपात आत स्प्रिंगसारखी तार असते. तिची दोन्ही टोके सोलून स्क्रूने धातूला कसा. हे काम हमखास राहून जाते. पीव्हीसीवर उघडी तार गुंडाळल्याने चटके कमी होतात, पण प्लास्टिक काही धातू होत नाही. पैसे असतील तर मुख्य पाइप पत्र्याचाच घ्या.

हे सगळे अर्थिंग चांगले असेल तरच उपयोगी. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात घालण्याची सवय आपल्याकडे फार आहे, ती आधी सोडा. कोळसा-मिठाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहा. कोरडी जमीन वीज नीट शोषत नाही. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या.

भुशाची पिशवी शक्यतो भिंतीबाहेर, पत्र्याच्या छपराखाली ठेवा. पंखा बंद करून धूळ खाली बसू द्या, मगच पिशवी सोडा आणि रोज रिकामी करा. तुळईवर, दिव्यावर साचलेली धूळ हवेच्या नळीने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. भुसा धुमसत असेल तर त्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, धूळ उडून भडका होईल. आधी पंखा बंद करा, मग झारीने हलके पाणी शिंपडा. झारी आणि भरलेली बादली दाराशीच ठेवा.