सौंदडीला हात लावू नकोस

बारामती

चि. बाळूस,


काल इंदापूरहून आलेल्या पाहुण्यांकडून कळलं, वरच्या पडीत तू जेसीबी लावतोयस आणि "काटेरी दिसेल ते उपटा" असं ड्रायव्हरला सांगून मोकळा झालायस. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. वेडी बाभूळ काढतोयस ते बरंच करतोयस. नुसती तोडली तर बुडख्यातून पुन्हा फुटते, मुळासकटच निघायला हवी. पण बांधाच्या कोपऱ्यावरची सौंदड? दसऱ्याला आण्णा जिची पूजा करायचे, ती शमी म्हणजे हीच, बाळू.

वेडी बाभूळ १८७७च्या सुमारास बाहेरून आणलेली. नाव बाभळीचं, पण नातं सौंदडीशी, म्हणून तर माणूस फसतो. फांदी हातात धरून बघ. वेडीचे काटे पानाच्या बुडाशी, लांब, बहुधा जोडीने. सौंदडीचे आखूड, दोन पानांच्या मधल्या जागेत कुठेही विखुरलेले. एवढं बघेपर्यंत मशीन थांबलं तर थांबू दे, भाडं मी देईन.

हिवर आणि गावरान बाभूळही काटेरीच, पण त्यांनाही राहू दे. हिवराची साल फिकट पिवळसर, पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांना फुलांचे मोठे घोस. गावरान बाभळीची साल काळपट, भेगाळलेली. फूल पिवळंधमक, गोल. शेंग दोन बियांमध्ये आवळलेली, माळेत मणी ओवावेत तशी. वेडीची शेंग सलग, फुलांचा तुरा लांबट. शेळ्या तिच्या शेंगा खातात, पाल्याला तोंड लावत नाहीत, आणि लेंड्यांतून बी माळभर होतं. ओढ्याकडे फांद्या खोडाला बिलगून सरळ वर गेलेली दिसेल ती रामकाठी. तीही बाभूळच, तिलाही राहू दे.

आण्णा अंधारात नुसती साल चाचपून झाड सांगायचे. मी त्यांच्यामागे शेळ्या राखायला जायचे, पण जीव सगळा शहरातल्या शाळेत. विचारलं असतं तर काडीकाडीचं नाव सांगितलं असतं त्यांनी. पवन्या आणि मारवेल, गवतांची ही दोन नावं तेवढी माझ्याकडे राहिली. आता कुणाला विचारू? म्हणून त्या सौंदडीसाठी जीव तुटतो.

सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात, आपल्याकडे कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहे तो मोकळ्या गवतामुळे. वेडी माजली की गवत गेलं. तू ती काढायला घेतलीस, याचं मला कौतुकच आहे.

रागाने लिहिलं, मनावर घेऊ नकोस. दादा गेल्यापासून सगळं शेत एकटा ओढतोयस, ते का मला दिसत नाही? ठेवायच्या झाडांना चुन्याचे पट्टे ओढ. वेडीचा काटा पायात मोडला तर सुईने कोरत बसू नकोस, डॉक्टरकडे जा. जेवणाची वेळ चुकवू नकोस. रविवारी सकाळच्या एसटीने मी येतेच आहे. तोवर बांधाच्या कोपऱ्याकडे मशीन नेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

तुझी
आत्या