हरवलेल्या पत्त्यांचे समुपदेशन

"बी. ए. नंतर काय?" हा प्रश्न मानसशास्त्राच्या वर्गात मला दरवर्षी ऐकावा लागतो. शिक्षकी पेशा, बँक, स्पर्धा परीक्षा ही उत्तरे विद्यार्थ्यांना पाठच असतात. प्रस्तुत लेखात मी एका निराळ्या क्षेत्राचा परिचय करून देणार आहे. ते म्हणजे बेघरांचे व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्य समुपदेशन.

पनवेलकरांना हा विषय परका नाही. कोकण, पुणे व मुंबई या तिन्ही वाटा येथे मिळतात. त्यांवरून कधी असा मनुष्य येतो, की ज्याला आपले गावही सांगता येत नाही. 'वेडा' किंवा 'बेवडा' म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः हे दोन्ही विकार अनेकदा एकाच व्यक्तीत नांदतात. मनातली भीती दडपण्यासाठी कोणी पितो, तर पिण्याने कोणाचा मूळ आजार बळावतो. एकाकडे दुर्लक्ष करून दुसऱ्यावर इलाज केल्यास दोन्ही उलटतात.

कामाचे स्वरूप

पहिली पायरी उपदेशाची नव्हे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर हात थरथरतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणही जातात. म्हणून "आजपासून सोड" असे म्हणण्यापूर्वी डॉक्टर हवा. मग अन्न, स्नान, झोप आणि जखमेची मलमपट्टी. विश्वास त्यानंतर येतो, आणि संभाषण सर्वांत शेवटी.

या बाबतीत आपल्याच रायगड जिल्ह्यातील उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये 'श्रद्धा' ही संस्था स्थापन केली. रस्त्यावरील मनोरुग्णांना आणून त्यांच्यावर उपचार करणे व त्यांना स्वगृही पोहोचवणे, हे तिचे कार्य कर्जत येथील केंद्रातून चालते. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून कार्यरत आहे.

कला शाखेचा उपयोग

औषधाने रुग्ण सावरला तरी त्याचे घर सापडत नाही. ते सापडते बोलण्यातून. एखादी बोली, नदीचे नाव, जत्रेचा दैवत, पिकाचा उल्लेख, एवढ्यावरून जिल्हा ओळखावा लागतो. भाषा, भूगोल आणि लोकजीवन यांचा अभ्यास येथे प्रत्यक्ष कामी येतो.

कायद्याचे ज्ञानही हवे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार, भटकणारी व स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशी मनोरुग्ण व्यक्ती आढळल्यास पोलिसांनी तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत न्यावयाचे असते. तिला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. बेघर व्यक्तीच्या कुटुंबाचा शोध घेणे हेही पोलिसांचेच कर्तव्य आहे. हे समुपदेशकाला ठाऊक असेल, तरच तो ठाण्यात जाऊन आग्रह धरू शकेल.

शिक्षण

पदवीनंतर मानसशास्त्रात एम. ए. किंवा समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. करता येते. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६) व निर्मला निकेतन (१९५५) या समाजकार्य शिक्षणाच्या जुन्या संस्था होत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम व नोंदणी आवश्यक असते.

या व्यवसायात वेतन बेताचे आणि अपयश नित्याचे. बरा झालेला मनुष्य पुन्हा प्यायला लागतो, पुन्हा घर सोडतो. व्यसन हा उलटणारा आजार आहे, हे ज्याने मनोमन स्वीकारले, तोच त्याला दुसऱ्यांदा दार उघडतो. ज्याला हे जमेल असे वाटते, त्या विद्यार्थ्याने या वाटेचा अवश्य विचार करावा.