लोखंडच ऐकणारा कान

गणेशोत्सव जवळ आला की अमरावती-अकोल्याकडच्या ऑर्केस्ट्रांना जाग येते. कोणाला तरी गिटार हवी असते आणि ती विजेचीच हवी असते. मग कुठे तरी एक देखणी, जुनी गिटार विकाऊ असल्याचे कळते. पोट पोकळ, त्यावर इंग्रजी एफ अक्षरासारख्या दोन फटी आणि तारांखाली पिकअपच्या चकचकीत डब्या. पैसे मात्र मोजकेच असतात. ही गिटार घ्यावी का, आणि घेतल्यावर तिच्यात काय सुधारावे? दुकानदाराला विचारण्याआधी हा प्रश्न आपण भौतिकशास्त्राला विचारू.

प्रथम पोकळ पेटीचे काम पाहू. भिंतीतल्या दोन खिळ्यांमध्ये ताणलेली तार छेडा. आवाज जेमतेम येतो, कारण बारीक तार हवेला फारसे ढकलू शकत नाही. तीच तार एकतारीच्या भोपळ्यावर बसवली की भजन रंगते. तारेचे कंप घोडीवाटे तबलीत उतरतात आणि तबलीचा मोठा पृष्ठभाग हवेला हलवतो. मिरजेचे कारागीर तानपुऱ्यासाठी भोपळा पारखून घेतात तो याचसाठी. (मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.) शिवाय पेटीतल्या हवेलाही स्वतःची कंपसंख्या असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो 'हूं' निघतो, तो हाच. गिटारीच्या पेटीत ही कंपसंख्या साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असते.

आता पिकअप. त्याच्यात एक चुंबक आणि केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढ्यांचे वेटोळे असते. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःच चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले ते हेच प्रवर्तन. म्हणजे हा कान हवेतला आवाज ऐकत नाही, फक्त हलणारे लोखंड ऐकतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर तो ठार बहिरा. ब्राँझ गुंडाळलेल्या तारांचा आतला गाभा पोलादी असल्यामुळे त्या ऐकू येतात, पण मलूल, आणि शेजारच्या साध्या पोलादी तारा उगाच ओरडतात. म्हणून विजेच्या गिटारीला पोलाद किंवा निकेल गुंडाळलेल्याच तारा हव्यात.

१९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही पोकळ विद्युत गिटार बाजारात आणली. ट्रंपेटच्या गोंगाटात दबून जाणारी गिटार त्यामुळे पुढे आली. पण याच जोडणीत एक भांडणही दडले होते. स्पीकरचा आवाज पोकळ पेटीवर आदळतो, तबली कापते, तारा कापतात, पिकअप ते ऐकून पुन्हा स्पीकरकडे पाठवतो. हे चक्र वाढत वाढत शेवटी कर्कश हुंकार सुरू होतो. सभेतल्या माइकची शिट्टी ती हीच. जी पेटी हवेला उत्तम हलवते, तीच हवेने उत्तम हलते, त्याला इलाज नाही! गिब्सनने १९५८ मध्ये ईएस-३३५ च्या पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा बसवला आणि भांडण बरेच मिटवले. तेव्हा ढोल-ताशांच्या शेजारी, मांडवात वाजवायचे असेल तर अशी अर्धपोकळ गिटार घ्यावी. लहान सभागृहात भावगीतांना साथ करायची असेल तर पूर्ण पोकळ गिटारीचा गोडवा वेगळाच.

'प्लायवुडची आहे, घेऊ नका' असे कोणी म्हणेल. माझे मत उलट आहे. ईएस-३३५ ची तबलीही थरांच्या लाकडाचीच असते. ताठर तबली स्पीकरच्या आवाजाने कमी हलते, आणि वऱ्हाडच्या हवेतही तीच जास्त टिकते.

पारखताना आधी मान पाहा. एक तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. मधल्या पडद्यावर तारेखाली पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट असावी. बोट जाण्याइतकी फट असेल तर दांडी वाकली आहे, मोह सोडा. मग एक मल्टीमीटर मागून आणा. गिटारीला वायर जोडा, आवाजाचे बटण पूर्ण उघडा आणि वायरच्या दुसऱ्या टोकाच्या पिनचे शेंडा आणि बूड यांमधला रोध मोजा. साधारण ५ ते १० किलोओहम आला तर वेटोळे शाबूत आहे. शेकडो किलोओहम दिसले तर वेटोळे किंवा आतला डाख तुटला आहे, आणि दिसतो आहे तो बटणाचा रोध. किंमत त्याप्रमाणे पाडून मागा.

सुधारणेला बहुतेक जण नव्या पिकअपपासून सुरुवात करतात. मी ते शेवटी ठेवीन. आधी नव्या तारा, पण एकेक करून बदला. पूर्ण पोकळ गिटारीची घोडी बहुधा चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या तर ती जागेवरून सरकते. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट हलकेच टेकवून छेडा, मग तेथेच दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी दांडीपासून दूर सरकवा, उतरलेला असेल तर दांडीकडे. पिकअप स्क्रूने फार वर घेऊ नका. त्याचा चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डळमळतो. शिट्टीवर उपाय म्हणून फटींत फोमचे तुकडे बसवता येतात, खर्च जवळजवळ शून्य.

पिकअप बदलावा तो गुणगुणीसाठी. आपल्या विजेची कंपसंख्या ५० हर्ट्झ आहे. ट्यूबलाइटचा चोक, ट्रान्सफॉर्मर यांचे चुंबकीय क्षेत्रही वेटोळे इमानाने ऐकते. गिटार हातात धरून गोल फिरा, दिशेप्रमाणे गुणगुण कमी-जास्त होते की नाही पाहा. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये जोडवेटोळ्याच्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला. दोन वेटोळी उलट गुंडाळलेली, त्यांचे चुंबकही उलटे. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध येते म्हणून वजा होते, तारेचा संदेश मात्र दोनदा उलटून सुलटा होतो आणि बेरीज होते.

तारांना हात लावताच गुणगुण कमी झाली तर घाबरू नका. तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. पण म्हणूनच मांडवातले अर्थिंग खरे आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. एक हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर झटका जीवघेणा ठरू शकतो. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका, आणि ॲम्प्लिफायर स्वतः उघडू नका. स्विच बंद केल्यावरही त्यातले कपॅसिटर भारित राहतात.

राहता राहिले हवामान. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा कोरडी होते आणि लाकूड आकसते, तेही रेषांच्या आडवे जास्त. तबली किंचित बसते, तारा पडद्यांना लागून झणझणतात. श्रावणात उलट, तबली फुगते आणि तारा उंच जातात. गिटार कूलरच्या झोतात किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, डिंक सुटतो. उन्हाळ्यात जुळवलेली घोडी गणपतीच्या आठवडाभर आधी बाराव्या पडद्यावर पुन्हा एकदा तपासा.