घड्याळ कधी लावायचं

अगं, कृषी विद्यापीठाजवळ खोली मिळाली, शेगडी आली, आता सकाळच्या तासाला नुसत्या चहा-बिस्किटावर जाऊ नकोस. दोन अंडी उकडून खात जा. फक्त कुकरमध्ये वरणासोबत टाकू नकोस, तिथं वेळ आपल्या हातात राहत नाही.

पाणी आधी खळखळू दे. मग आच जरा कमी कर, झाऱ्यानं अंडी अलगद सोड आणि घड्याळ तेव्हा लाव. गार पाण्यातच अंडी ठेवून गॅस पेटवला, तर पाणी कधी उकळेल ते भांड्यावर आणि आचेवर ठरतं. मग रोजचं अंडं वेगळं निघतं. दुकानातल्या पांढऱ्या अंड्याचा बलक साधारण ७ मिनिटांत पातळसर राहतो, ९ मिनिटांत मऊ होतो, ११-१२ मिनिटांत पक्का. आई जिंतूरहून पाठवते ती गावरान अंडी लहान असतात, त्यांना मिनिटभर कमी पुरतं. पण ती पक्कीच उकड बाई. कच्च्या बलकातून पोटाचा त्रास होऊ शकतो, आणि खोलीवर एकटी असताना आजारपण नको. महाबळेश्वरला सहलीला गेलीस तर तिथं वेळ वाढवावा लागेल. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं ना. आपल्या परभणीत त्याचा फारसा फरक पडत नाही.

खरी गंमत गॅस बंद केल्यावर आहे. अंडं बाहेर काढलं तरी आतल्या उष्णतेनं शिजत राहतं, म्हणून लगेच गार पाण्यात टाकायचं. आता मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कसं येतं, तुला माहीतच आहे. पारा ४४च्या पुढे, नळाखाली हात धरवत नाही. त्या पाण्यात अंडं काय गार होणार! माठातलं पाणी घे, आणि ते कोमट झालं की एकदा बदल. नाहीतर बलकाभोवती ती हिरवट-काळसर कड येते. पांढऱ्या भागातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आल्यानं ती होते. खायला अपाय नाही, पण वास येतो आणि बलक भुसभुशीत लागतो.

टरफलाला पांढरा भाग चिकटून येतो म्हणून चिडू नकोस, ते अंडं ताजं असल्याचं लक्षण आहे. चार-पाच दिवस फ्रीजमध्ये राहिलेलं अंडं सहज सोलतं. बोथट टोकाकडून सुरू कर, तिथं हवेची पोकळी असते. उन्हाळ्यात गावरान अंडी बाहेर टोपलीत मात्र ठेवू नकोस. गावाकडं कोंबड्यांत कोंबडा असतो, त्यामुळे त्या गरमीत अंड्याच्या आत जीव धरायला लागतो. घरमालकिणीच्या फ्रीजमध्ये जागा माग, त्या नाही म्हणणार नाहीत.

डब्यात नेणार असशील तर न सोलता ने, तिखट-मीठ वेगळ्या पुडीत बांध, आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत थांबू नकोस, पहिल्या तासानंतरच खाऊन घे.