मांजराचा खोकला अंगावर काढू नका

"डॉक्टर, मांजराच्या घशात केस अडकलेत," असं सांगत लोक खोकणारं मांजर घेऊन येतात. ही शंका साहजिक आहे. अंग चाटताना केस पोटात जातात आणि अधूनमधून मांजर त्यांचा गोळा ओकून टाकतं. पण ठसका महिनाभर चालू आहे आणि गोळा एकदाही पडलेला नाही, तर दुखणं छातीचं समजा. मांजरांनाही दमा होतो. अंदाजे १०० पैकी १ ते ५ मांजरांना तो असतो आणि बहुधा २ ते ८ वर्षांच्या वयात सुरू होतो. सयामी मांजरांत जास्त आढळतो, पण गावठी मांजरंही त्यातून सुटत नाहीत.

दमा म्हणजे श्वासनलिकांची ॲलर्जी. धूळ, धूर, परागकण आत गेले की नलिकांना सूज येते, चिकट कफ साचतो आणि भोवतीचे स्नायू आवळतात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. म्हणून श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज येतो आणि पोटाला जोर लावावा लागतो.

कसं ओळखाल?

ठसका आला की मांजर जमिनीलगत दबून बसतं, कोपरं बाहेर काढतं, मान पुढे लांबवतं, लागोपाठ खोकतं आणि शेवटी काहीतरी गिळल्यासारखं करतं. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात आल्यावर मांजर नेमकं खोकत नाही, तेव्हा हा व्हिडिओच कामाला येतो.

मांजर आपलं दुखणं लपवतं. धाप लागली तरी ते ओरडत नाही. फक्त उड्या मारणं सोडतं आणि कोपरा धरतं. म्हणून ते गाढ झोपलेलं असताना श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला ३० पर्यंत ठीक. वारंवार त्याहून जास्त भरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ४० च्या वर गेला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आपल्याकडची हवा

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, कोपरगाव या उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात पाचट पेटवलं जातं आणि काजळी उडत घरापर्यंत येते. कर्जत-जामखेडकडे ज्वारीच्या मळणीचा भुसा, गोठ्यात कडबाकुट्टीची धूळ, पावसाळ्यात माजणारं गाजरगवत. हे सगळं आपल्या हातात नाही. घरातली हवा मात्र आपल्या हातात आहे. विडी-सिगारेट घरात नको. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती आणि सुगंधी फवारे मांजराच्या खोलीत नकोत. चूल पेटलेली असताना आणि मळणी चालू असताना मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा. शौचाच्या ट्रेमध्ये धूळ उडणारी माती घालू नका. वजनही आटोक्यात ठेवा. लठ्ठ मांजराला धाप लवकर लागते.

तपासणी

दम्याची एकच एक खात्रीची चाचणी नाही. छातीचा एक्स-रे लागतो, पण तोही कधीकधी स्वच्छ दिसतो. हृदयविकार, न्यूमोनिया आणि फुफ्फुसातले जंत वगळावे लागतात. पाली, पक्षी, उंदीर मारून खाणाऱ्या मांजरांना हे जंत होतात आणि खोकला अगदी दम्यासारखाच असतो, म्हणून शौचाची तपासणी टाळू नका. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रेची सोय नसेल तर अहिल्यानगर शहरात किंवा पुण्याला करून घ्या.

औषध

दमा मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. मुख्य औषध सूज उतरवणारं स्टेरॉइड. सुरुवातीला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात आणि हळूहळू कमी करतात. खोकला थांबला म्हणून त्या एकदम बंद करू नका. मांजर जास्त पाणी पिऊ लागलं, जास्त लघवी करू लागलं तर लगेच सांगा. स्टेरॉइडने मधुमेह होऊ शकतो.

दीर्घकाळासाठी फ्लुटिकासोनचा पंप बरा, कारण औषध थेट छातीत जातं. त्याचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर गोळ्या चालू ठेवतात. पंप मांजरासाठीचा मास्क लावलेल्या स्पेसरमधून, म्हणजे पोकळ नळीतून, द्यायचा असतो. त्याची सवय घाईने लागत नाही. आधी काही दिवस मास्क जेवणाच्या वाटीशेजारी ठेवा. मग त्याच्या कडेला आवडता खाऊ लावून चाटू द्या. पुढे पंप न दाबता क्षणभर तोंडाला लावा. मांजर बिचकलं नाही की मगच औषध सुरू करा. पंप हलवा, दाबा आणि ७ ते १० श्वास होईपर्यंत मास्क नाकातोंडावर नीट बसवून धरा.

साल्ब्युटामॉलचा पंप अटॅकपुरता. तो वरचेवर लागत असेल तर दमा ताब्यात नाही, असं समजून डॉक्टरांना भेटा.

हे कधीही करू नका

माणसांचं औषध मनाने देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. तिच्यामुळे रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. कापूर, निलगिरी किंवा बामची वाफ नको. खोकल्याचं सिरप नको.

अटॅक आला तर

मांजर तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, हिरड्या निळसर झाल्या असतील, तर जिवावरचा प्रसंग आहे. त्याला कवटाळू नका, पाणी पाजू नका. डॉक्टरांनी साल्ब्युटामॉल दिलं असेल तर द्या. दवाखान्यात फोन करून ऑक्सिजन तयार ठेवायला सांगा आणि निघा. पोत्यात किंवा गाडीच्या डिकीत घालून आणू नका. अशाने वाटेतच जीव गुदमरतो. जाळीची टोपली किंवा भरपूर भोकं पाडलेला खोका घ्या, ऊन लागू देऊ नका.

नियमित औषध आणि धुराविना घर मिळालं तर दम्याचं मांजर वर्षानुवर्षं चांगलं जगतं. त्यासाठी अटॅकची वाट पाहू नका. आजच वही घ्या, तारीख घाला, झोपेतल्या श्वासांचा आकडा आणि खोकल्याची वेळ लिहायला लागा. पुढच्या भेटीत ती वही सोबत आणा. औषधाची मात्रा तिच्यावरून ठरवता येते.