टी. पी. राजलक्ष्मी : मूकपटाकडून बोलपटाकडे

कुंभकोणम् येथून कावेरीच्या काठाने पश्चिमेकडे निघाले की पुढे तिरुवैयारु हे गाव लागते. एके काळी ही दोन्ही स्थळे भोसल्यांच्या तंजावर राज्यात मोडत असत. संत त्यागराजांची समाधी असलेल्या या तिरुवैयारुत १९११ साली राजलक्ष्मी यांचा जन्म झाला. कुंभकोणम्-तंजावरच्या या परिसराने तमिळ चित्रपटसृष्टीला दिलेली ही पहिली मोठी अभिनेत्री होय.

त्यांचा विवाह बालपणीच झाला व तो टिकला नाही. पुढे वडीलही वारले. आईसह त्या तिरुचिरापल्लीस आल्या आणि चरितार्थासाठी अल्पवयातच नाटक मंडळीत दाखल झाल्या. कुलीन घरातील मुलीने रंगभूमीवर पाऊल टाकणे त्या काळी समाजाला रुचणारे नव्हते. महाराष्ट्रातही स्थिती फारशी निराळी नव्हती. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाकडे गेली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पुढे आल्या, तेव्हा कोठे फाळक्यांना स्त्री-कलावंत लाभल्या.

मद्रासमध्ये ए. नारायणन् यांनी १९२९ साली जनरल पिक्चर्स कॉर्पोरेशन ही संस्था काढली. तिच्या 'कोवलन'मधून राजलक्ष्मी मूकपटात आल्या. 'राजेश्वरी', 'उषा सुंदरी' हे त्यांचे आणखी मूकपट. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तमिळ रंगभूमीवर नटाची ख्याती मुख्यतः गायनावर अवलंबून असे. ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज हेच त्याचे भांडवल. मूकपटाला मात्र केवळ चेहरा आणि हावभाव हवे होते. शब्दांचे काम पडद्यावरील मजकूर करीत असे. राजलक्ष्मींनी कमावलेली विद्या तेथे बहुतांशी निरुपयोगीच ठरली.

हे चित्र १९३१ साली पालटले. मुंबईच्या इंपीरियल कंपनीने मार्चमध्ये 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित केला. पाठोपाठ अर्देशीर इराणी यांनी एच. एम. रेड्डी यांच्याकडून 'कालिदास' तयार करून घेतला. त्यात राजलक्ष्मी राजकन्येच्या भूमिकेत तमिळ बोलल्या, तर नायकाने तेलुगू संवाद म्हटले. त्यांनी म्हटलेल्या गाण्यांत त्यागराजांच्या रचना होत्या, तसेच चरख्याचे गुणगान करणारे पदही होते. कथेशी त्या पदाचा संबंध नव्हता. पण सविनय कायदेभंगाच्या त्या काळात प्रेक्षकांना त्याचा अर्थ सांगावा लागला नसावा. ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी हा चित्रपट मद्रासमध्ये प्रदर्शित झाला. मूकपटात न लागलेला आवाजच आता त्यांच्या कामी आला, आणि 'सिनेमा राणी' हे नाव त्यांना मिळाले.

या यशावर त्या थांबल्या नाहीत. १९३६ साली 'मिस कमला' या चित्रपटाची कथा, निर्मिती, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशा साऱ्या जबाबदाऱ्या त्यांनी स्वतः उचलल्या. मुंबईत फातमा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला होता. दक्षिणेत हा मान राजलक्ष्मींचा. दुसऱ्याने लिहिलेले शब्द बोलणारी नटी आता स्वतःची कथा सांगू लागली होती.

१९६४ साली राजलक्ष्मी निवर्तल्या. त्याच वर्षी पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. परंतु त्यांच्या दृष्टीने तोवर फार उशीर झाला होता. त्या काळच्या फिती ज्वालाग्राही नायट्रेटच्या असत. त्या कुजत, जळत किंवा त्यांतील चांदीसाठी वितळविल्या जात. दक्षिणेतील मूकपटांपैकी 'मार्तंड वर्मा' हा एकच संग्रहालयाच्या हाती लागला. 'कालिदास'ही आज उपलब्ध नाही. म्हणून राजलक्ष्मींच्या मूकपटांतील अभिनयाविषयी आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी निर्णय देता येत नाही. जाहिराती, छायाचित्रे आणि समकालीनांच्या आठवणी यांवरच विसंबावे लागते. चित्रपटाचा इतिहास लिहिताना ही मर्यादा वाचकाने सदैव स्मरणात ठेवावी.